दोन इंच वजा

रविवारी टिडमार्शांच्या घरात चूल पेटत नसे, सुई कुणी उचलत नसे आणि खरं कुणी बोलत नसे. पहिले दोन नियम चॅपलने घालून दिले होते. तिसरा कुणी घातलेला नव्हता, तो आपोआप पडला होता आणि म्हणूनच जास्त कडक पाळला जाई.

मटण थंड होतं. राजा जाऊन तीन आठवडे झाले होते, त्यामुळे टेबलाभोवतीची चारही माणसं काळ्यात होती. तशी ती राजा असतानाही रविवारी काळ्यातच असत, पण आता त्याला राष्ट्रीय कारण मिळालं होतं.

"मिंट सॉस," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या.

विनिफ्रेडने सॉस आईपुढे सरकवला. बरोबर खाली, मागच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या पुतळ्यावर ती चोळी होती. पांढऱ्या सॅटिनची, रुपेरी कलाबतूची, आणि पाठीमागे तीन बोटं उघडी.

"आजचं प्रवचन लांबलं जरा," विनिफ्रेडचा भाऊ गस म्हणाला.

"विषय चांगला होता," त्याची बायको लेटिशिया म्हणाली. "संकटकाळी संयम. उद्या सकाळी अकरापर्यंत पुरवायचाय आपल्याला."

काटे-सुऱ्या थांबल्या.

"लेटी," गस म्हणाला.

"काय लेटी? सगळ्यांच्या डोक्यात तेच आहे. मी नुसतं तोंडाने म्हटलं."

"जेवताना नको," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच सुरू केलं. "थिएटरच्या मॅनेजरांनी, मिस्टर स्पेन्सलींनी, काल काय सांगितलं ते मी ऐकलंय. उद्या अकराच्या रंगीत तालमीला ती नर्तकी, ओर्लेन्स्काया, आपल्या पोशाखात उभी राहिली नाही, तर कोरिंथियन थिएटरच्या शरद ऋतूतल्या बॅलेच्या पोशाखांचं काम पॅरिसच्या दुकानाला जाईल. बॅले गेला तर मागचा कारखाना शनिवारी बंद. चौदा बायकांना मी नुसतं बसवून ठेवू शकत नाही. ती खोली लेटिशियाला जाईल. पुढच्या दुकानात सुतकाच्या कपड्यांना तिला जागा पुरत नाहीये."

"मी मागितली नव्हती, मदर," लेटी म्हणाली.

"तू पडदे मापून गेलीस गुरुवारी," विनिफ्रेड म्हणाली.

"आणि माझं काय?" हे मात्र ती म्हणाली नाही. एकेचाळीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीचं काय करायचं याचं उत्तर टिडमार्शांकडे केव्हाच तयार होतं: मार्गेटची मावशी. मावशीला सोबत हवी होती. मावशीकडे दोन पोपट होते, समुद्राकडे न उघडणारी खिडकी होती, आणि याआधीची सोबत तिथेच वारली होती.

"चूक कुणाची, तेवढं तरी कळू दे," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या. "तिच्या पत्रात कंबर किती होती?"

"चोवीस."

"आणि बेतली किती?"

"बावीस," गस प्लेटकडे बघत म्हणाला. "विनीने कार्डावर बावीस लिहून दिलं."

"मापांच्या वहीच्या पहिल्या पानावर जे आहे तेच केलं मी."

तो नियम खोडणं कुणाच्या हातात नव्हतं, कारण पहिल्या पानावर कैलासवासी मिस्टर टिडमार्शांचं अक्षर होतं: *पत्राने आलेल्या मापातून दोन इंच वजा. नाडी आवळली की बाई तेवढी कमी होतेच.* या वाक्यावर टिडमार्श आणि मंडळी एकोणचाळीस वर्षं चालली होती. मिलानहून, व्हिएन्नाहून, कुठून कुठून नर्तकी आल्या, त्यांनी मोकळ्या अंगाची मापं पाठवली, टिडमार्शांनी दोन इंच वजा केले, घरची हाडांच्या पट्ट्यांची कॉर्सेट चढवली, नाडी आवळली, आणि बाई खरोखरच कमी झाल्या. ही नवी बाई कमी व्हायला तयार नव्हती.

काल दुपारी ओर्लेन्स्कायाला चोळी चढवली आणि हूक भेटेनात, तेव्हा सगळ्यांना वाटलं, विसरली बिचारी. गसने छताकडे बघत अतिशय सभ्यपणे विचारलं होतं, "मादामचं... आतलं काही... हॉटेलवर राहिलं का?"

"आतलं?" ती म्हणाली होती. "माझ्या आत मी असते. दुसऱ्या कुणाला जागा नाही."

मग तिने एक श्वास घेतला, टाका तुटल्याचा आवाज झाला, आणि मिस्टर स्पेन्सलींनी घड्याळ काढून पाहिलं.

*

जेवण झाल्यावर गस खाली कारखान्यात गेला. नुसतं बघणं हे काम नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. रविवारी तो पुष्कळ गोष्टी नुसत्या बघत असे.

चौदा रिकाम्या खुर्च्या. भिंतीशी त्याचं स्वतःचं टेबल, त्यावर कॉर्सेटचे साचे, देवमाशाच्या हाडांच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावलेल्या. वडिलांनी त्याला बाराव्या वर्षी इथे बसवलं होतं. लंडनमध्ये त्याच्यासारखं हाड कुणी बसवत नाही असं लोक म्हणत, म्हणजे लोक एकेकाळी म्हणत.

त्याने चोळी उलटी केली आणि अस्तर पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, हीच अडचण होती.

"शिवणीतली माया किती आहे?" मागून विनिफ्रेडचा आवाज आला.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे कापली. शिवणीत पाव इंचसुद्धा ठेवलेली नाही."

"गस! या घरात मागच्या रांगेतल्या पोरीच्या झग्यालासुद्धा दीड इंच माया असते! एक पोरगी गेली की दुसरीला चढवतो आपण."

"तिने पत्रात लिहिलं होतं, हलकं हवं. दोनदा अधोरेखित. मी हलकं केलं."

"इतकं हलकं?"

"मग किती हलकं? तू म्हणालीस, मोठी बाई आहे, म्हणेल तसं कर. मी केलं. आता तुझं माप बावीस आणि माझी माया शून्य, दोघांनी मिळून चांगली जिरवली तिची."

विनिफ्रेड एका खुर्चीवर बसली. तिचा श्वास नेहमीसारखा वरच्या वर चालला होता. सतरा ते सव्वीस ती कोरिंथियनच्या रांगेत नाचली होती, डावीकडून चौथी. जिने चढताना ती अजूनही मधे थांबायची, आणि विचारलं तर भिंतीवरचं चित्र बघत होते म्हणायची.

"दोन कळ्या घालायच्या," ती म्हणाली. "बगलेखाली, दोन्हीकडे एकेक इंचाची. वरून कलाबतू फिरवली की कुणाला दिसणार नाही."

"कशाच्या कळ्या? पांढरं सॅटिन लंडनमध्ये आहे कुठे? होतं नव्हतं ते व्यापाऱ्यांनी काळ्या रंगाच्या हौदात बुडवलंय. काल मी पाच दुकानं फिरलो. एकाने मला फिकट जांभळं लॅव्हेंडर दाखवलं आणि म्हणाला, अर्धं सुतक आहे, चालेल का?"

"घरात आहे."

गसला कळायला क्षण लागला. मग त्याने पुढच्या दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नाही. मिस हॉबडेचा दरबारी झगा नाही."

"साडेतीन वार लोळता पदर आहे त्याला मागे. सुतकामुळे राजवाड्यातला दरबार तर रद्द झाला. पुढल्या वर्षीपर्यंत तो कपाटातच राहणार."

"लेटीने तो सात आठवडे शिवलाय, विनी. कपाट उघडून ती त्याच्याशी बोलते."

"तू विचार तिला."

"मी?" गस म्हणाला. "मी नवरा आहे तिचा. मला कसं विचारता येईल?"

"मी ओर्लेन्स्कायाला बोलावलंय. तीनला."

"आज? रविवारी? ममाला माहितीये?"

"चॅपलहून येताना हॉटेलवर चिठ्ठी टाकली. तू ममाशी बोलत होतास, पाद्रीसाहेबांच्या संधिवाताबद्दल."

गस बहिणीकडे बघत राहिला. या घरात कट होतात हे त्याला माहीत होतं. आपण त्यात आहोत की नाही हे मात्र त्याला नेहमी नंतर कळे.

*

लेटिशिया पुढच्या दुकानात बसली होती आणि विनिफ्रेड येणार हे तिला ठाऊक होतं. घरातलं पांढरं सॅटिन कुठे आहे हे मोजायला तिला खाली जायची गरज नव्हती.

सभोवार काळ्या पोशाखांची रांग होती. राजाच्या जाण्याने टिडमार्शांचं पुढचं दुकान उजळून निघालं होतं. लेटीला याची थोडी लाज वाटे, पण शिवायला बसल्यावर नाही. तीन आठवडे काळं, काळं, काळं. डोळे मिटले तरी काळा क्रेप खसखसायचा. आणि प्रत्येक गिऱ्हाईक तेच सांगायचं: कंबर जरा बारीक दिसू दे, शोक असला तरी.

"नाही," विनिफ्रेडने तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली.

"अजून मी काही..."

"पदर. नाही. मिस्टर हॉबडेंनी ज्या दिवशी विचारलं, माझ्या मुलीच्या पदराचं काय झालं, त्या दिवशी मी काय सांगू? नाचणारणीच्या बगलेत आहे?"

"सगळा नको. शेवटचा एक वार. दरबार वर्षभर नाही. व्यापाऱ्याकडे पांढरं आलं की जोड देऊ. आणि वर्षाने मिस हॉबडे त्या मापात राहील का, तेसुद्धा बघ. बिस्किटांचा कारखाना आहे त्यांचा."

लेटीला हसू आलं, ते तिने दाबलं. "समजा दिला. मला काय? उद्या तुझा बॅले वाचला की खोली तुझी. मी इथे बारा बाय चौदाच्या जागेत विधवा उभ्या करत बसू?"

"तुला खोलीच हवी आहे."

"मला उजेड हवाय, विनी. तुझ्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. इथे मला काळ्यावर काळा दोरा दिसत नाही. मंगळवारी मी एका बाईची बाही उलटी लावली, आणि तिला ती आवडली!"

विनिफ्रेड काही बोलणार तेवढ्यात दाराची घंटा वाजली. रविवारी ती घंटा वाजली की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत, मग दाराकडे.

ओर्लेन्स्काया आत आली. ठेंगणी होती, रंगमंचावर वाटे त्याहून पुष्कळ. अंगात राखाडी साधा झगा, छातीखालून सरळ सुटलेला, कंबर कुठे आहे याचा पत्ता नसलेला. दोन काळ्या पुतळ्यांच्या मधून ती आली आणि लेटीने पहिल्यांदा पाहिलं की झगा तिच्यामागून येत होता, थोडा उशिराने, पाण्यासारखा. पुतळे नुसते उभे होते. काल लेटी वर मस्तकशूळ घेऊन पडली होती, म्हणून तिने हे पाहिलेलं नव्हतं.

"तुमच्या देशात रविवारी रस्त्यावर कुणी नसतं," ओर्लेन्स्काया म्हणाली. "मला वाटलं, अजून कुणी वारलं."

"हा झगा कुणी शिवला?" लेटीने विचारलं.

"माझ्या बहिणीने. वाईट आहे का?"

लेटी तिच्याभोवती एक फेरी मारून आली. मग दुसरी. विनिफ्रेडला तो चेहरा ओळखीचा होता. चोवीस वर्षांपूर्वी तिने स्वतः तो आरशात पाहिला होता, पहिल्यांदा रंगमंचावर जाण्याआधी.

"विनी," लेटी हळूच म्हणाली. "मला हिची मापं हवीत. सगळी. मोकळी, वजाबाकी न करता. आणि तुझ्या खिडकीजवळ दोन खुर्च्या, माझ्या दुकानातल्या दोन शिवणाऱ्या मुलींना. असले झगे शिवणार मी."

"दोनच?"

"आज दोनच." तिने कंबरेची किल्ली काढून कपाट उघडलं. "पण मदरला तू सांगायचं. मी नाही. मी सून आहे."

*

कॉर्नेलियाबाईंनी परक्या बाईला बैठकीत बसवलं, कारण रविवार असला तरी पाहुणा पाहुणा असतो. तिला रबार्बचा टार्ट दिला. तिने दोन खाल्ले. टिडमार्शांच्या घरात आजवर एकाही नर्तकीने दुसरा टार्ट घेतला नव्हता. पहिलासुद्धा त्या काट्याने फक्त इकडून तिकडे हलवत.

"तुम्ही कॉर्सेट घालत नाही," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या.

"तालमीत कधीच नाही. आता नाचतानाही नाही."

"मग पाठ कशी धरते?"

"धरते," ओर्लेन्स्काया म्हणाली. "बघा ना."

ती उठली आणि पाठ करून उभी राहिली. दारात गस, विनिफ्रेड आणि लेटी तिघं उभी होती, एकमेकांच्या मागे लपल्यासारखी. कॉर्नेलियाबाईंनी चष्मा काढला. त्या कॉर्सेटवालीच्या घरात जन्मल्या आणि कॉर्सेटवाल्याच्या घरात आल्या. बाईच्या पाठीवर हात ठेवला की वय, मुलं आणि नवऱ्याचा स्वभाव त्यांना कळत असे. त्यांनी पंजा टेकवला. जिथे हाडाची पट्टी लागायची तिथे त्यांना मांस लागलं, जिवंत, तापलेलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखं. ओर्लेन्स्कायाने श्वास घेतला आणि बाईंचा हात बाजूला सरकला. इतका सरकला की त्यांना आपला हात कुणी ढकलल्यासारखं वाटलं.

पन्नास वर्षांत त्यांच्या हाताखाली पाठ अशी हलली नव्हती. त्या घट्ट करत, आणि घट्ट झालं की थांबत.

"दुसऱ्या अंकात मी सलग सहा मिनिटं नाचते," ओर्लेन्स्काया म्हणाली. "तुमची चोळी सुंदर आहे. पण तिच्यात मला तीनच मिनिटं मिळतात. उरलेली तीन मी कुठून आणू?"

बाईंनी हात काढला नाही. दाराकडे न बघताच त्यांनी विचारलं, "विनिफ्रेड. तुला दम लागायचा? त्या वेळी?"

"हो, ममा."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, सगळ्यांनाच लागतो."

गस गालिच्याकडे बघत होता. त्याला आठवलं, विनीची कॉर्सेट बांधायचं काम ममा दुसऱ्या कुणाला देत नसे. पडद्यामागे उभी राहून ती स्वतः नाडी ओढायची, गुडघा लावून. विनी दम कोंडून रंगमंचावर पडली आणि तिचं नाचणं सुटलं, त्या संध्याकाळीसुद्धा.

"सगळ्यांनाच लागायचा," कॉर्नेलियाबाई म्हणाल्या. "ते खोटं नव्हतं."

"नव्हतं, ममा."

"गस. कात्री आण."

"ममा, आज रविवार..."

"वार मला कळतो. आणि सॅटिन कुठून येणार आहे तेही कळतं. लेटिशियाच्या हातात एक वार पदर मला इथून दिसतोय, म्हातारी झाले तरी. मिस्टर हॉबडेंना मी बघून घेईन. उभे काय राहिलात? उजेड साडेसातपर्यंतच आहे."

*

सोमवारी अकराला ओर्लेन्स्काया कोरिंथियनच्या रंगमंचावर सहा मिनिटं नाचली. विनिफ्रेड विंगेत होती. तिचं लक्ष पायांकडे नव्हतं, बगलेखाली होतं. चौथ्या मिनिटाला तिने नकळत स्वतःचा श्वास धरला आणि सहाव्यापर्यंत तो तिला परत सापडला नाही. कळ्या टिकल्या. कलाबतूखाली त्या दिसल्याही नाहीत. मिस्टर स्पेन्सलींना सगळं अगदी पहिल्यापासून ठरल्यासारखंच वाटलं, आणि आपल्यालाच हे सुचलं होतं असं त्यांनी दुपारपर्यंत दोघांना सांगितलं.

शरदातला बॅले टिडमार्शांकडे राहिला. फक्त मादामने एक अट घातली, आणि स्पेन्सलींनी ती आपली म्हणून घातली: रांगेतल्या चाळीसही मुली तशाच हव्यात. मोकळ्या. एकीलाही कॉर्सेट नको.

म्हणजे खोली वाचली आणि गसचं टेबल गेलं. सोमवारी दुपारभर तो तिथे बसून देवमाशाच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावत होता. त्या आधीच लांबीप्रमाणे होत्या. लेटीने त्याला चहा नेऊन दिला आणि शेजारी बसली. बोलली नाही. तिच्या दृष्टीने हे बरंच होतं.

साडेचारला कॉर्नेलियाबाईंनी विनिफ्रेडला आपल्या खोलीत बोलावलं.

"दार लाव."

विनिफ्रेडने लावलं.

"चाळीस मुलींची मापं उद्यापासून घ्यायची ना?"

"हो."

"वहीतलं पहिलं पान तसंच राहू दे. फाडू नकोस. त्याखाली आपलं लिही." त्या पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या आणि पाठ केली. "आता जरा सैल कर."

"काय?"

"बहिरी झालीस का? मागचं. सैल कर."

विनिफ्रेडने काळ्या झग्याचे हूक काढले. आत नाडी होती, मधोमध, रोज तीच गाठ. तिने ती सोडवली आणि बोटं घालून एकेक वेढा ढिला केला. कापडाने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. आईच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या उमटलेल्या होत्या, जाळीसारख्या, आणि त्या आजच्या नव्हत्या.

कॉर्नेलियाबाईंनी श्वास घेतला. खोल, मोठा. मग त्या पुढे वाकू लागल्या. हळूहळू, जसा शिवण उसवलेला खांदा उतरतो तशा. दांड्यावरचे हात पांढरे पडले.

"ममा?"

"थांब. होईल."

विनिफ्रेडने दंडाला धरलं. आईचं वजन तिच्या हातात आलं, आणि आणखी आलं. पाठ वर येईना. तिला वर येता येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या आवळण्याने त्या पाठीत स्वतःचं बळ उरलेलंच नव्हतं.

"त्या बाईची कशी धरते?" कॉर्नेलियाबाई गादीकडे बघत म्हणाल्या.

"ती लहानपणापासून तशीच आहे, ममा."

"हं." मग त्या म्हणाल्या, "आवळ परत."

विनिफ्रेडने आवळलं. एकेक वेढा, खालून वर. आई एकेक मणका करून सरळ होत गेली.

"अजून."

"एवढं बास, ममा."

"मी सांगते ना, अजून."

विनिफ्रेडने गुडघा लावला नाही. हातानेच ओढलं, आई नीट उभी राहीपर्यंत, त्याहून एक बोटही जास्त नाही. मग तिने गाठ मारली. रोजची नव्हे. टोक ओढलं की सुटेल अशी.